शनिवारची नोंद

मी, खाली सही करणारी, विजेच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरण्याच्या दुकानाची मालकीण, अविवाहित, सत्तरी ओलांडलेली, हा कागद कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने, माझ्याच अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना त्यावरही शंका असेल त्यांनी माझ्याशी भांडून पाहावं, अजून थोडा वेळ आहे. फुप्फुसं मात्र ठिकाणावर नाहीत. जन्मभर मोटारी वाळवायच्या वार्निशच्या भट्टीशेजारी बसल्यावर दुसरं काय होणार.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते रद्द समजावं. त्यात "माझ्या धाकट्या बहिणीला काहीही देऊ नये" असं एक कलम होतं आणि खरं सांगायचं तर तेवढ्या एका कलमासाठीच ते केलं होतं. आता त्या कलमाची गरज उरली नाही. धाकटी गेली.

वकीलबाईंचं म्हणणं असं की मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचं एवढंच लिहायचं असतं, का द्यायचं ते लिहायचं नसतं. मी त्यांना म्हटलं, मी गेल्यावर तुम्ही "का" विचारायला कोणाकडे जाणार? त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. तेव्हा मी लिहिते.

कलम १. दुकान आणि दुकानामागच्या दोन खोल्या या माझ्याकडे इतकी वर्षं कॉइल भरणाऱ्या बाईला मिळाव्यात. तिला सगळे "भरणारी" म्हणतात, मीही तेच म्हणते. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे आणि तोंड माझ्यापेक्षा गोड, त्यामुळे दुकान चालेल. पाटीवरची "आणि भगिनी" ही अक्षरं तिने पुसू नयेत. मी स्वतः दोनदा शिडी लावली होती ती पुसायला. दोन्ही वेळा कोणीतरी गिऱ्हाईक आलं.

कलम २. हत्यारं दुकानाबरोबरच जातील. अपवाद दोन. हिरव्या मुठीची पक्कड धाकटीची आहे, ती कलम ६ मधल्या इसमास द्यावी. दुसरं म्हणजे हातातलं ड्रिल मशीन. ते शेजारच्या लेथवाल्याने "तासाभरात आणून देतो" म्हणून नेलं, त्यानंतर त्याच्या मुलीचं लग्न होऊन नातवंडं शाळेत जायला लागली. ते त्याच्याकडून परत घ्यावं. तो "ताईंनी मला दिलं होतं" असं म्हणेल. मी दिलेलं नाही. हा कागद त्याला दाखवावा, आणि ड्रिल हातात आल्यावर पुन्हा त्यालाच देऊन टाकावं. मला फक्त त्याचं तोंड बघायचं होतं, ते तुम्ही माझ्या वतीने बघा.

कलम ३. बँकेत जे काही निघेल त्यातून माझं शेवटचं सगळं उरकावं. रडारड नको. उरेल ते भरणारीला भट्टीवर धूर ओढणारा चांगला पंखा बसवायला द्यावं. मी तो "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी" करत राहिले. तिने तसं करू नये.

कलम ४. आता संगणक. यासाठी हे मृत्युपत्र नव्याने लिहावं लागलं, म्हणून हे कलम लांबेल. ज्याला घाई असेल त्याने सही केली नाही तरी चालेल, दुसरा साक्षीदार बघू.

आमच्या धंद्यात जळलेली मोटार येते. आतली काळी पडलेली तांब्याची तार कापून काढायची आणि नवी भरायची. पण कापण्याआधी जुन्या तारेचे फेरे मोजायचे, जाडी मोजायची, कुठलं टोक कुठे जोडलंय ते लिहून ठेवायचं. एकदा कापलं की ती माहिती जगात कुठेच नसते. वडील म्हणायचे, आधी नोंद, मग कात्री. आम्हा दोघी बहिणींना त्यांनी मुळाक्षरांच्या आधी हे शिकवलं. आम्ही वडिलांमागे दुकान सांभाळलं, तेही याच एका वाक्यावर.

पुढे धाकटीने दुकानात संगणक आणला. मी कुरकुर केली, नेहमीप्रमाणे. परदेशी मोटारींचे तक्ते तिथे मिळतात हे कळल्यावर कुरकुर बंद केली. एखादा तक्ता सापडला की ती त्याचा बुकमार्क करायची, म्हणजे त्या पानाचा पत्ता वरच्या पट्टीत साठवून ठेवायची. खातं तिने स्वतःच्या नावाने उघडलं होतं, पासवर्ड तिचा, फोन तिचा. तेच खातं तिच्या लॅपटॉपवरही होतं. इथे साठवलेलं तिथे दिसायचं, तिथलं इथे. आणि दर शनिवारी दुकान बंद करताना सगळे बुकमार्क एका फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवायचे, हेही तिनेच मला शिकवलं. म्हणाली, "ही आपली नोंद, ताई." तेव्हापासून मी एकही शनिवार चुकवला नाही. नाकात नळी घालून आले त्या शनिवारीही नाही.

मग तिने लग्न केलं. पन्नाशीला टेकलेली बाई, लग्न केलं तांब्याची तार पुरवणाऱ्या माणसाशी, जो बायको गेल्यावर बरीच वर्षं एकटा होता. लग्नाला माझी हरकत नव्हती. हे मी इथे शपथेवर लिहिते, कारण गावभर उलटं पसरलं आहे. मला राग आला तो याचा, की मला ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून कळलं. कप ठेवता ठेवता तो म्हणाला, "ताई, अभिनंदन. धाकटीचं झालं म्हणे कचेरीत जाऊन." एका ताटात जेवलेल्या बहिणीने मला चहावाल्यानंतर कळवावं? ती संध्याकाळी सांगायला आली. म्हणाली, तू ओरडशील म्हणून धीर झाला नाही. मी ओरडले. ती हिरवी पक्कड बाकावर ठेवून गेली, पुलाच्या पलीकडे राहायला. त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. चूक तिची होती, आजही मी तेच म्हणेन. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं ती माझ्याबद्दल म्हणायची. बरोबर म्हणायची.

पण खातं तेच राहिलं. ती लॅपटॉप घेऊन गेली, दुकानातला संगणक मी सुरू ठेवला, आणि दोघींपैकी एकीनेही लॉग-आउट केलं नाही. मी म्हणायचे, तक्ते लागतात म्हणून. ती काय म्हणायची कोण जाणे.

एके सकाळी संगणक उघडला तर पट्टीत, मोटारींच्या तक्त्यांशेजारी, एक नवं पान. गरम तेलाने भाजल्यावर काय करावं. कोण भाजलं, हात की पाय, किती. फोन जवळच होता. तो उचलला नाही. शोधून शोधून एक चांगलं पान काढलं, फोड आले तर ते फोडू नयेत असं सांगणारं, आणि तिच्या पानाशेजारी साठवलं. दुसऱ्या दिवशी तिसरं पान आलं, एका हाताने वेणी कशी घालावी. म्हणजे भाजला होता तो हात, आणि एकच. मला बरं वाटलं.

तेव्हापासून हे असं सुरू झालं. अळीमिळी गुपचिळी. बुकमार्कचं नाव बदलून तिथे हवं ते लिहिता येतं, हे दोघींनाही माहीत होतं. पण आम्ही कधी एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं तर ते बोलणं झालं असतं, आणि आम्ही तर बोलत नव्हतो. तिने खोकल्याचं पान ठेवलं की मी वाफ घेण्याचं ठेवायचे. मी जुन्या पंपाच्या मोटारीसाठी वणवण करत असले की दोन दिवसांत तिकडून नेमका तक्ता यायचा, धंदा सोडलेल्या बाईकडून. एकदा मी चिडून "उद्धट गिऱ्हाइकाशी कसं वागावं" असं पान ठेवलं. तिने शेजारी "रागावर ताबा" ठेवलं. मी दुकानात एकटीच हसले, भरणारीने वर पाहिलं. आमचं आयुष्य त्या पट्टीत होतं. एवढ्या वर्षांत ती कधी आजारी पडली, कधी बरी झाली, कधी तिला करमेनासं झालं, ते सगळं मला माहीत होतं, आणि तिला माझं.

कलम ५. मग एके दिवशी संगणक उघडला तर पट्टी कोरी. एकही पान नाही, एकही तक्ता नाही. इकडचं पुसलं की तिकडचंही पुसतं आणि तिकडचं पुसलं की इकडचंही, हे मला ठाऊक होतं. मी पुसलं नव्हतं. म्हणजे तिने पुसलं. दुसरा विचारच मनात आला नाही. मला वाटलं, झालं, तिने शेवटचा धागाही तोडला. मी बाकावर बसून रडले. मग डोळे पुसले, आणि नाकावर राग घेऊन पहिलं काम केलं ते लॉग-आउट करण्याचं. तुला नको तर मलाही नको. त्यानंतर ड्रॉवर उघडला, शनिवारचा पेनड्राइव्ह लावला आणि माझ्या संगणकावर सगळं परत भरून घेतलं. सगळं जसंच्या तसं आलं, तिचं भाजणं, वेणी, खोकला, सगळं. फक्त आता ते माझ्यापुरतंच होतं. जोडणी मी आधीच काढून टाकली होती.

परत जोडायला पासवर्ड हवा होता, आणि तिच्या फोनवर येणारा आकडा. म्हणजे तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

महिने गेले. एका दुपारी चहावाला आला, कप न घेता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, बोल. धाकटीचं हृदय बंद पडलं होतं, आणि तोपर्यंत सगळं आटोपलंही होतं.

काही दिवसांनी तिचा नवरा, तो तारवाला, दुकानात आला. काखेत तिचा लॅपटॉप, खिशात तिचा फोन. मी त्याला बस म्हटलं नाही, तो उभ्यानेच बोलला. लॅपटॉप फार हळू चालतो म्हणून तिने दुरुस्तीला दिला होता. दुरुस्तीवाल्याने कचरा समजून सगळे बुकमार्क पुसले. ती घरी येऊन बघते तर पट्टी कोरी. तारवाला घाबरला, पण ती हसली. म्हणाली, "काळजी नको. ताईकडे शनिवारची नोंद असणारच. ती भरेल परत."

मी विचारलं, मग?

तो म्हणाला, "मग काय, ताई. रोज सकाळी उघडून बघायची आणि म्हणायची, अजून नाही."

इथे मी थोडी थांबले होते, अक्षर बदललं आहे ते त्यामुळे. पेन तेच आहे.

मी आधी भरलं असतं आणि मग रुसले असते, तर ते तिच्याकडे पोहोचलं असतं. दोनच कामं होती. पन्नास वर्षं मोटारी भरल्या, त्यात जोडणीचा क्रम कधी चुकला नाही.

लॅपटॉप उघडला. माझी वाट बघून थकल्यावर तिने पट्टी पहिल्यापासून नव्याने भरायला घेतली होती. जिना चढताना धाप लागणं. मीठ कमी कसं करावं. हृदयाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय विचारावं. मध्येच एक तीन फेजच्या मोटारीचा तक्ता, जो मी पूर्वी कधीतरी शोधत होते आणि मला मिळाला नव्हता. प्रत्येक पानाशेजारी माझ्या पानाची जागा रिकामी. आणि सगळ्यांत शेवटी एक नकाशा. निघण्याचं ठिकाण तिचं घर, पोहोचण्याचं ठिकाण हे दुकान.

या दुकानात ती रांगायला शिकली. इथली वाट तिला डोळे बांधूनही सापडली असती. तिला रस्ता विचारायचा नव्हता. ती मला कळवत होती की येऊ का. तारवाल्याने सांगितलं, ते पान ठेवल्यावर ती आठवडाभर रोज सकाळी निघायच्या तयारीने चपला दाराशी काढून ठेवायची. माझ्याकडून एखादं पान गेलं असतं, कुठलंही, अगदी उद्धट गिऱ्हाइकाचं, तरी ती आली असती. मला याचं दुःख आहे आणि ते माझ्याबरोबरच जाईल. ते कोणाला वाटून देता येत नाही, म्हणून त्याचं कलम नाही.

कलम ६. तारवाले, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, यांना मी आजवर एकेरीने लिहीत आणि बोलत आले. वरची कलमं तशीच राहू द्यावीत, कारण तेव्हा मला तसंच वाटत होतं. यापुढे ते माझे मेहुणे.

त्या दिवशी मेहुण्यांनी तिने लिहून ठेवलेला पासवर्ड आणि फोनवर आलेला आकडा वाचून दाखवला, मी दुकानातल्या संगणकावर लॉग-इन केलं. माझ्याकडची पानं आणि तिच्याकडची पानं एकत्र आली. दोन्ही पट्ट्या भरल्या. मग आम्ही दोघं बराच वेळ पाहत बसलो. तिकडून पाहणारं कोणी नव्हतं. मी त्यांना चहा पाजला. अर्थातच चहावाल्याने तो न सांगताच आणला होता.

त्यानंतर एका सकाळी मला एक नवं पान दिसलं. मेहुण्यांनी धाकटीच्या पट्टीला हात न लावता बाजूला वेगळा कप्पा केला होता आणि त्यात शर्टाच्या कॉलरला इस्त्री कशी करावी हे ठेवलं होतं. ते पान चुकीचं होतं, त्यात कॉलर बाहेरून दाबायला सांगितली होती. मी शेजारी दुसरं ठेवलं. आता त्या कप्प्यात बरंच काही झालं आहे. आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

दुकानातला संगणक, पेनड्राइव्ह आणि हिरवी पक्कड मेहुण्यांना मिळावी. अट अशी की त्यांनी दोन्हीकडे लॉग-आउट करू नये, दर शनिवारी नोंद काढावी, आणि संगणक हळू चालला तरी दुरुस्तीवाल्याला बोलावू नये. हळू चालू द्यावा. फाइलमध्ये पानं नसतात, फक्त पानांची नावं आणि पत्ते असतात, हे त्यांनी लक्षात ठेवावं. तिच्या पुष्कळ पत्त्यांवर आता काही उरलेलं नाही, उघडलं की "पान सापडलं नाही" असं येतं. तरी ते पत्ते खोडू नयेत. मी ते कधीकधी उघडते.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांचं पहिलं काम दुकानाचं नाही, बँकेचंही नाही. मी गेल्याची खात्री झाल्यावर त्यांनी दुकानातल्या संगणकापुढे बसावं आणि एक नकाशा उघडावा. निघण्याचं ठिकाण हे दुकान, पोहोचण्याचं ठिकाण पुलाच्या पलीकडचं धाकटीचं घर. मी त्या घरी कधी गेले नाही, पण पत्ता पाठ आहे आणि तो वकीलबाईंना वेगळा लिहून दिला आहे. हे पान पट्टीत अगदी शेवटी, धाकटीच्या नकाशाच्या उजव्या हाताला साठवावं. नावात काही लिहू नये.

हे मी आजच का करत नाही, असं वकीलबाईंनी विचारलं. आम्हा दोघींत शेवटचा शब्द नेहमी मीच घेतला. मी आहे तोवर तो तिचा राहू दे. आणि मेहुणे सकाळी लॅपटॉप उघडतात. ते पान दिसलं की त्यांना कळेल, चहावाल्याकडून कळायच्या आधी.

त्यानंतर नोंद काढावी. मगच संगणक बंद करावा. क्रम चुकवू नये.

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. या मृत्युपत्राने दोघांनाही काही मिळत नाही. मेहुण्यांना सही करायची होती, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकीलबाईंनी सांगितलं, म्हणून ते बाहेर बाकावर बसले आहेत.

सही: मोटारवाली ताई

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा चहावाला. (याने वाचून झाल्यावर विचारलं, माझं एवढं नाव कशाला. मी म्हटलं, तूच आणलंस ना सगळं.)

साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण

स्थळ: दुकान, खिडकीजवळचा बाक

दिनांक: शनिवार. नोंद काढून झाली आहे.